मोटार विकेपर्यंत जबाबदारी आपलीच



मोटार विकत घेताना माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. काकांना विचारतो, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवतो, बोनेट उघडून पाहतो, दोनदा फेरी मारतो. तीच मोटार विकायची वेळ आली की मात्र चौकशीची गरज वाटत नाही. पैसे हातात आले, किल्ली दिली, की काम संपले असे आपण धरतो. त्यातही मोटारीचा विमा नसेल तर बहुतेक जण म्हणतात, ‘आता विकायचीच आहे, मग विम्यावर पैसे कशाला घालवायचे?’ ह्या एका वाक्याबद्दल आज लिहावेसे वाटते, कारण न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या तोंडून ते मी पुष्कळदा ऐकले आहे.

आपल्या बेटावर आज अशी अनेक मराठी घरे आहेत, ज्यांचा मुलगा, सून किंवा भाची ऑकलंडला नाही तर वेलिंग्टनला आहे. कोणी शिकायला गेले, कोणी नोकरीला, कोणी कायमचे राहायला. ऑकलंड हे दूरवर पसरलेले शहर आहे. बसने कामावर जाता येते, पण रात्रपाळी असेल किंवा घरात लहान मूल असेल, तर मोटारीवाचून अडते. तेथे जपानहून आलेल्या वापरलेल्या मोटारी सगळीकडे मिळतात. म्हणून गेल्या गेल्या एक जुनी मोटार घेतली जाते. दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलते, ऑस्ट्रेलियाची वाट धरली जाते किंवा घरी परत यायचे ठरते. मग शेवटच्या दोन आठवड्यांत पलंग, फ्रिज आणि मोटार एकाच घाईत विकायला निघतात. विमा त्याआधीच बंद केलेला असतो, किंवा पहिल्या दिवसापासून घेतलेलाच नसतो.

घेतलेलाच नसतो, हे वाचून आपल्याकडच्या वाचकांना नवल वाटेल. आपल्या मॉरिशसमध्ये १९६२ च्या रोड ट्रॅफिक कायद्याप्रमाणे तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. विम्याची व्हिन्येत काचेवर पाहण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. भारतातही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. त्यामुळे मुलगा मॉरिशसचा असो की पुण्या-मुंबईचा, त्याच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते, की रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक मोटारीला काही ना काही विमा असणारच. न्यूझीलंडमध्ये ही समजूत खोटी ठरते. तेथे खासगी मोटारीचा विमा कायद्याने सक्तीचा नाही. मोटारीची ‘रेगो’ भरलेली असते, म्हणजे तिला रस्त्यावर आणण्याचा परवाना असतो. ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ असते, म्हणजे ब्रेक, टायर, दिवे वगैरेंची तपासणी झालेली असते. ह्या दोन्ही गोष्टींचा विम्याशी काही संबंध नाही. नवा माणूस मात्र त्या पाहतो आणि सर्व काही ठीक आहे असे मानून चालू लागतो.

हे असे का, ते समजून घेण्यासारखे आहे. न्यूझीलंडने १९२८ मध्येच मोटारमालकांवर तिसऱ्या पक्षाच्या विम्याची सक्ती केली होती. असा कायदा करणाऱ्या अगदी पहिल्या देशांत त्याची गणना होते. पण तो विमा माणसाच्या इजेसाठी आणि मृत्यूसाठी होता. त्या पद्धतीत जखमी माणसाला कोर्टात जाऊन समोरच्याची चूक सिद्ध करावी लागे. ज्याला ते जमले नाही, तो रिकाम्या हाताने घरी जाई. न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९६७ साली अहवाल दिला आणि सांगितले, की अपघातात कोणाची चूक होती हे न पाहता प्रत्येक जखमी माणसाची काळजी समाजाने घ्यावी. १९७२ मध्ये तसा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७४ पासून तो अमलात आला. ती व्यवस्था पाहणारी संस्था आज एसीसी ह्या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी लागणाऱ्या पैशाचा एक भाग मोटारमालक रेगो भरताना आणि पेट्रोल घेताना देतात. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी एकमेकांवर दावा लावण्याचा हक्क लोकांनी सोडून दिला. ही मोठी उदार व्यवस्था आहे. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यालाही अपघात झाला तर तिचा आधार मिळतो.

पण ह्या व्यवस्थेची एक सीमा आहे आणि तीच आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. एसीसी मोडलेले हाड पाहते, मोडलेला पत्रा पाहत नाही. आपल्या चुकीने कोणाची मोटार, दुकानाची काच किंवा घराची भिंत मोडली, तर ती भरपाई आपल्याच खिशातून जाते. विमा असेल तर कंपनी देते, नसेल तर आपण देतो. समोरच्याकडे विमा असेल तर त्याची कंपनी त्याला पैसे देऊन मोकळी होते आणि मग तेच पैसे वसूल करायला आपल्याकडे वळते. प्रथम साधे पत्र येते, नंतर वसुली करणाऱ्यांचे पत्र येते. रक्कम एकदम देता येत नसेल तर हप्ते बांधून घेता येतात, पण ते हप्ते कित्येक वर्षे चालू शकतात.

येथेच आपल्या विचारातली चूक दिसते. आपण म्हणतो, ‘माझी मोटार दोन हजार डॉलरची. तिचा काय विमा काढायचा?’ हा हिशेबच उलटा आहे. तिसऱ्या पक्षाचा विमा आपल्या मोटारीच्या किमतीवर तोलायचा नसतो, समोरून येणाऱ्या मोटारीच्या किमतीवर तोलायचा असतो. आपली मोटार दोन हजारांची असली, तरी आपण जिला धडकू ती साठ हजारांची असू शकते. धडकताना आपल्याला निवड करता येत नाही. म्हणून मी तर म्हणेन, की ज्याची मोटार जुनी आणि बँकेतली शिल्लक थोडी, त्यालाच हा विमा सर्वांत जास्त हवा. श्रीमंत माणूस एक वेळ पदरचे देऊन मोकळा होईल, पण पोटाला चिमटा काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने साठ हजार कोठून आणावेत?

आता कोणी म्हणेल, ‘हे सर्व मोटार चालवण्याबद्दल झाले. आम्ही तर ती विकायला काढली आहे.’ पण विकायला काढलेली मोटार अंगणात उभी राहत नाही. उलट त्या पंधरा दिवसांत ती अनोळखी हातांत जाते. पाहायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘एक फेरी मारून पाहू का?’ त्याला ती मोटार नवी, तिचा ब्रेक नवा, कधी कधी तो रस्ताही नवा. मोटारीच्या आयुष्यात ह्याहून जोखमीचे दिवस थोडेच असतील, आणि नेमक्या ह्याच दिवसांत आपण विमा काढून टाकतो. शेत पिकायला आले असता कुंपण उपटावे, तसे हे आहे.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा ऑकलंडमधील माउंट रॉस्किल भागात राहत होता. ब्रिस्बेनला नोकरी ठरली म्हणून त्याने मोटार विकायला काढली आणि जाहिरात दिली त्याच दिवशी विमा बंद केला. दोन महिन्यांचे पैसे वाचले म्हणून तो खूश होता. चौथ्या दिवशी एक तरुण मोटार पाहायला आला. फेरी मारताना वळणावर त्याने एका उभ्या व्हॅनला जोराने ठोकले. दैव बलवत्तर म्हणून कोणाला खरचटलेही नाही. व्हॅनचा विमा होता. तिच्या कंपनीने चालवणाऱ्याला पत्र लिहिले आणि आमच्या भाच्यालाही लिहिले. चालवणाऱ्याकडे ना विमा होता, ना पैसा. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर चूक चालवणाऱ्याची, तेव्हा व्हॅनचे पैसेही त्यानेच द्यावेत, असे ठरले. भाच्याच्या मोटारीची भरपाईही त्याने द्यायची होती. त्याने ती मान्य केली, आठवड्याला थोडे थोडे देतो म्हणाला, चार-पाच आठवडे दिले आणि मग फोन उचलणे बंद केले. साडेतीन हजारांना मागितलेली मोटार शेवटी भंगारवाल्याने काहीशे डॉलरला उचलून नेली.

ह्या गोष्टीत माझ्या भाच्याचे काही चुकले होते काय? कायद्याने पाहिले तर न्याय त्याच्याच बाजूचा होता. पण न्याय आपल्या बाजूला असणे आणि पैसे आपल्या हातात येणे, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडून कोर्टसुद्धा काय वसूल करणार? न्यूझीलंडमध्ये लहान दाव्यांसाठी डिस्प्यूट्स ट्रिब्युनल आहे. तेथे वकील लागत नाही, दोन्ही बाजू स्वतःच आपले म्हणणे मांडतात आणि खर्च थोडा येतो. २०१९ पासून ३०,००० डॉलरपर्यंतचे दावे तेथे जाऊ लागले. ही गरिबाच्या सोयीची जागा आहे. पण तेथे जायला वेळ लागतो, आणि ज्याचे विमानाचे तिकीट पुढच्या आठवड्याचे आहे त्याच्याकडे वेळच नसतो. विम्याचा खरा उपयोग येथे कळतो. विमा कोणाची चूक हे बदलत नाही, पण भांडत बसण्याचे काम आपल्याकडून काढून घेतो.

फेरी मारताना अपघात झाला तर मालक कितपत जबाबदार, हेही स्पष्ट करायला हवे. केवळ मोटार आपल्या मालकीची आहे एवढ्यावरून दुसऱ्याने केलेल्या नुकसानीची भरपाई साधारणपणे आपल्यावर येत नाही. जो चालवतो, तो भरतो. मात्र चालवणारा मालकाचे काम करीत असेल, तर मालकही त्यात ओढला जाऊ शकतो. मग फेरी मारणारा स्वतःसाठी चालवत होता की मालकाच्या विक्रीसाठी, असा वाद उभा राहतो. आणि ब्रेक सैल आहेत हे माहीत असूनही मालकाने किल्ली दिली असेल, तर तो आपली जबाबदारी कशी झटकणार? वाद जिंकता येईलही, पण वादात पडायचे की आधीच टाळायचे, हे आपल्या हातात असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की मोटार विकायला काढताना तिचा विमा नसेल तर निदान तिसऱ्या पक्षाचा विमा आधी घ्यावा आणि मगच जाहिरात द्यावी. तेथे साधारणपणे तीन प्रकारचे विमे मिळतात. पहिला केवळ तिसऱ्या पक्षाचा, दुसरा त्याला आग आणि चोरी जोडलेला, आणि तिसरा संपूर्ण. पहिला सर्वांत स्वस्त असतो. हप्ते दर पंधरवड्याला किंवा दर महिन्याला भरता येतात आणि मोटार विकली गेली की तो बंद करता येतो. वर्षाचे पैसे आधी भरले असतील तर बहुतेक कंपन्या उरलेल्या काळाचे पैसे परत करतात. तेव्हा एका मोटारीसाठी वर्षभर अडकून पडावे लागेल, ही भीती खरी नाही.

विमा घेताना एक प्रश्न मात्र कंपनीला जरूर विचारावा: ‘दुसऱ्या कोणी माझ्या परवानगीने फेरी मारली, तर ती ह्या विम्यात बसते का?’ प्रत्येक पॉलिसीच्या अटी निराळ्या असतात. चालवणारा पंचवीस वर्षांच्या आतला असेल तर अपघातात आपल्याला भरावी लागणारी ‘एक्सेस’ची रक्कम अनेकदा वाढते. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर कंपनी हात वर करते. फेरीला गेलेला माणूस मोटार घेऊन पळाला, तर ती चोरी धरली जाईल की नाही, हेही आधीच विचारून घ्यावे. उत्तर तोंडी मिळाले तर ते लेखी मागावे.

पाहायला आलेल्या माणसालाही दोन गोष्टी विचारण्यात संकोच करू नये. परवाना पाहू द्या, आणि तुमचा स्वतःचा विमा दुसऱ्याच्या मोटारीला लागू होतो का ते सांगा. काहींच्या पॉलिसीत ती सोय असते, काहींच्या नसते. परवान्याचा क्रमांक आणि फोन लिहून घ्यावा. आपण शेजारच्या आसनावर बसावे, फेरीचा रस्ता आपण ठरवावा, गर्दीची वेळ टाळावी. जो सरळ मनाने आला आहे त्याला ह्याचा राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याला मोटार न विकलेलीच बरी.

आता सौदा ठरतो त्या क्षणाकडे येऊ. येथेही विम्याचा प्रश्न सुटत नाही, उलट नाजूक होतो. समजा, मंगळवारी किंमत ठरली, हातावर शंभर डॉलर ठेवले गेले, आणि उरलेले पैसे देऊन शुक्रवारी मोटार न्यायची असे ठरले. मधल्या तीन दिवसांत तिच्यावर झाड कोसळले तर नुकसान कोणाचे? विकणाऱ्याला वाटेल, अजून पूर्ण पैसे मिळाले नाहीत, म्हणून मोटार माझी. विकत घेणाऱ्यालाही तसेच वाटेल. पण न्यूझीलंडच्या कायद्यात, पूर्वी १९०८ च्या मालविक्री कायद्यात आणि आता २०१७ च्या करार व व्यापार कायद्यात, साधारण नियम असा आहे, की वस्तूची मालकी ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे जोखीमही गेली. आणि मालकी केव्हा गेली हे दोघांच्या इराद्यावर ठरते. काहीच ठरवले नसेल, तर तयार असलेल्या वस्तूची मालकी पैसे नंतर द्यायचे असले तरी सौदा होताच जाऊ शकते. म्हणजे मोटार आपल्या अंगणात उभी आणि जोखीम मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर, अशी स्थिती होऊ शकते, आणि ते त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसते. त्याने अजून विमा घेतलेला नसतो. आपला तर नसतोच.

ह्यावर उपाय फार सोपा आहे. एका कागदावर चार ओळी लिहाव्यात. मोटारीचा क्रमांक, दोघांची नावे व पत्ते, किंमत, आणि ‘संपूर्ण रक्कम मिळून किल्ली दिली जाईल त्या वेळेपासून मालकी व जोखीम घेणाऱ्याची’ असे एक वाक्य. खाली तारीख लिहावी, आणि तारखेसोबत वेळही लिहावी. संध्याकाळी पाच वाजता विकलेली मोटार साडेपाचला ठोकली गेली, तर हा अर्ध्या तासाचा फरक फार मोलाचा ठरतो. दोघांनी सह्या करून एकेक प्रत ठेवावी.

त्यानंतर त्याच दिवशी, शक्य असेल तर त्याच ठिकाणी, वाहतूक खात्याला विक्री झाल्याचे कळवावे. न्यूझीलंडमध्ये विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही कळवायचे असते. ‘तो कळवील’ म्हणून आपण गप्प बसू नये. नोंदणी म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, असे तेथील खातेच सांगते. तरीसुद्धा नोंद ज्याच्या नावावर असते त्याच्या पत्त्यावर पार्किंगचा दंड येतो, कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगाचा दंडही येतो. आणि मोटार कोणाला ठोकून पळाली तर पोलीस पहिल्यांदा कोणाच्या दारात येतील? नोंदीत नाव असेल त्याच्याच.

भारतात तर ह्याहून कडक आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. एक मोटार एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी विकत विकत पुढे गेली होती, पण नोंदीत नाव पहिल्याचेच राहिले होते. नंतर तिच्याखाली सापडून एक जण मरण पावला. न्यायालयाने सांगितले, की कायद्याच्या दृष्टीने नोंदीतला माणूस तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. मोटार विकून कितीतरी दिवस झालेले, ती कोण चालवतो हेही ठाऊक नाही, आणि भरपाई आपल्याला द्यायची! न्यूझीलंडचा कायदा इतका पुढे जात नाही, पण भारतातून तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांना आणि आपल्यालाही ह्यातून एकच शिकवण मिळते. मोटार गेली तरी नाव मागे राहते, ते आपणच पुसून घ्यावे लागते.

भारताच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील कायद्यात मोटार विकली की तिसऱ्या पक्षाच्या विम्याचे प्रमाणपत्र मोटारीबरोबर नव्या मालकाकडे गेले असे धरले जाते. न्यूझीलंडमध्ये तसे नाही. तेथे विमा माणसाशी केलेला करार असतो, मोटारीच्या मागे मागे जात नाही. पुण्याहून आलेला नवा मुलगा आपल्याकडून मोटार घेतो तेव्हा त्याला वाटत असते की तिच्याबरोबर काहीतरी विमा येतोच. तो त्याच संध्याकाळी ती चालवत हॅमिल्टनला निघतो. त्याच्या पाठीशी कोणतीच कंपनी नाही, हे त्याला कोणी सांगायचे? मी म्हणते, विकणाऱ्याने सांगायचे. ‘बाळा, ह्या मोटारीचा विमा तुझ्या नावावर नाही. आधी फोन करून विमा घे, मग किल्ली फिरव.’ एवढे एक वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत. कायद्याने ते सांगण्याचे बंधन नसेल, पण माणुसकीने आहे.

मोटारीचे दोष सांगण्याबाबतही तेच. खासगी विक्रीत दुकानदारासारखी हमी द्यावी लागत नाही, हे खरे. पण खोटे सांगून विकले तर घेणारा आपल्याविरुद्ध दाद मागू शकतो. वॉरंट ऑफ फिटनेसही मोटार हाती देताना एका महिन्याच्या आतली असावी लागते. ती नसेल तर ‘आहे तशी’ घेत असल्याचे घेणाऱ्याकडून लेखी हवे. मोटारीला पूर्वी मोठा अपघात झाला असेल, किंवा एखाद्या विमा कंपनीने तिला निकामी ठरवले असेल, तर ते लपवू नये. विमा घेताना कंपनी घेणाऱ्याला ह्या गोष्टी विचारते. आपण लपवलेले तो नकळत खोटे भरतो, आणि ऐन वेळी त्याची भरपाई अडते.

माझ्या ह्या मतावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला असा, की सरकारलाच गरज वाटत नाही तर आपण का घ्यावा? मला वाटते, आपण मॉरिशसमधले लोक विम्याला कराचे एक रूप समजत आलो. पोलीस विचारतो म्हणून भरायचा. त्यामुळे विचारणारा कोणी नसला की घेण्याचे कारणही उरत नाही. मी वर्गात मुलांना सांगते, की शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर जो वाचत राहतो तोच खरा विद्यार्थी. सक्ती असावी की नसावी, ह्यावर न्यूझीलंडमध्येही वेळोवेळी चर्चा झाली आहे आणि पुढेही होईल. पण कायदा बदलेपर्यंत समोरच्याची मोडलेली मोटार थांबत नाही. कायदा जेथे गप्प आहे तेथे आपला विवेक बोलला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक आपलेपणाचा आहे, म्हणून अधिक घातक आहे. ‘अहो, घेणारा आपलाच माणूस आहे. गणपतीत रोज भेटतो. त्याच्याकडून सही कसली घ्यायची?’ परदेशात आपली भाषा बोलणारा भेटला की मन भरून येते, हे मी समजू शकते. पण ओळखीत झालेल्या व्यवहारातच कागद अधिक हवा. अनोळखी माणसाशी वाद झाला तर फक्त पैसे जातात. आपल्या माणसाशी झाला तर पैसे जातात, माणूस जातो, आणि पुढच्या गणपतीला दोन घरे दोन कोपऱ्यांत उभी राहतात. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. दोघांनाही नंतर एकमेकांच्या घरी चहाला जाता यावे, म्हणून तो लिहायचा असतो.

वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मुलांशी फोनवर बोलताना आपण जेवलास का, थंडी किती आहे, असे विचारतो. पुढच्या वेळी मोटारीचा विमा आहे का, हेही विचारा. ती मोटार विकायला काढली म्हणाली तर विमा अजून चालू ठेवला आहे का, असे विचारा. विकली म्हणाली तर नाव बदलल्याचे कळवले का आणि घेणाऱ्याला विम्याचे सांगितले का, असे विचारा. मुले कदाचित कंटाळतील. पण बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणण्याची पाळी यावी त्यापेक्षा त्यांनी कंटाळलेले बरे.

आपले पूर्वज ह्या बेटावर आले तेव्हा त्यांच्याजवळ फार थोडे होते, पण दिलेला शब्द पाळण्याची रीत होती. ती रीत आपली मुले दूरच्या देशातही घेऊन जावोत. मोटार दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचवणे, आणि रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला आपल्यामुळे झळ न लागू देणे, हाही शब्द पाळण्याचाच एक प्रकार आहे.